दोन कॉम्प्युटर, एक माउस

भिवंडीच्या एका भगिनीचं चार पानांचं पत्र आमच्या टेबलावर आहे. त्यातलं दीड पान माउसबद्दल आहे. उरलेली अडीच पानं त्या माउसमुळे घरात काय काय बोललं जातं त्याबद्दल आहेत. दोन्ही आम्ही नीट वाचली, आणि या महिन्याची सगळी जागा त्यांच्या पत्रालाच द्यायची असं ठरवलं. अशाच तक्रारीची आणखी दोन-तीन पत्रं आमच्याकडे पडून आहेत, त्यांचंही उत्तर यात येईल.

हकीकत अशी. घरात एकच टेबल, एकच स्क्रीन. शौहरांचा सूत-कापडाचा हिशेब एका जुन्या कॉम्प्युटरवर आहे. त्याचा प्रोग्राम नव्या विंडोजवर चालत नाही, म्हणून तो कॉम्प्युटर काढता येत नाही. भगिनी रात्री घरूनच हॉस्पिटलच्या बिलांचं काम करतात. त्यासाठी कंपनीने एक नवा कॉम्प्युटर पाठवला आहे. दोन स्क्रीन ठेवायला जागा नाही, म्हणून मधे एक स्विच बसवला. बटण दाबलं की तीच स्क्रीन, तोच कीबोर्ड, तोच माउस दुसऱ्या कॉम्प्युटरला लागतो. सहा महिने गाडी बरी चालली. आता रात्रीचं काम आटोपून स्विच जुन्या कॉम्प्युटरकडे फिरवला की माउसला भूत लागतं. बाण उडी मारून कोपऱ्यात जातो, नको त्या खिडक्या उघडतात, आणि एकदा तर हिशेबातल्या दोन ओळी पुसल्या गेल्या. कंपनीच्या कॉम्प्युटरवर माउस चालतो, पण मधलं चाक फिरवून पान सरकत नाही. आणि कधी कधी तो अजिबात मरतो. मग कॉम्प्युटर बंद करून चालू करायचा, तेवढ्या वेळात भगिनी कामावर नव्हत्या अशी नोंद होते.

दुरुस्तीवाला येऊन ‘मदरबोर्ड गेलाय’ म्हणाला. सासूबाई म्हणतात, हे रात्रीचं काम सुरू झाल्यापासूनच जुना कॉम्प्युटर बिघडला. शौहर काही म्हणत नाहीत, पण पुसलेल्या दोन ओळींचा विषय अधूनमधून निघतो. भगिनींनी विचारलं आहे: ‘माझ्या हातून खरंच काही बिघडलं आहे का?’

नाही. मदरबोर्डही गेलेला नाही. पत्रात दिलेल्या खुणा इतक्या स्पष्ट आहेत की चहा गार व्हायच्या आत आम्हाला अंदाज आला. मात्र उपाय सांगण्याआधी हे भूत कुठून येतं ते सांगतो. कारण कळल्याशिवाय घरातल्यांना समजावता येत नाही, आणि या पत्रात समजावण्याचंच काम मोठं आहे.

भगिनींच्या स्विचला माउसची शेपटी गोल भोकात जाते, हिरव्या रंगाच्या. शेजारचं जांभळं भोक कीबोर्डचं. या गोल पिनेला पीएस-टू म्हणतात. आयबीएम कंपनीने १९८७ साली याच नावाचे कॉम्प्युटर आणले, तेव्हापासूनची ही पिन. तिच्या बांधणीत एक गोष्ट गृहीत धरलेली होती: एक माउस, एक कॉम्प्युटर, आणि कॉम्प्युटर चालू असेपर्यंत दोघांची फारकत नाही. कॉम्प्युटर सुरू होताना माउसला वीज मिळते, माउस स्वतःची तपासणी करून ‘मी ठीक आहे’ असा निरोप पाठवतो, कॉम्प्युटर त्याला ‘आता बोल’ म्हणतो, आणि मग माउस बोलायला लागतो. ‘आता बोल’ ऐकल्याशिवाय तो आपल्या हालचालीचं एक अक्षरही कळवत नाही. आता चालू कॉम्प्युटरच्या मधेच स्विचमुळे माउसची वीज क्षणभर तुटली तर काय होईल? माउस पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो आणि हुकमाची वाट पाहत गप्प बसतो. कॉम्प्युटरला वाटतं, हुकूम तर आपण केव्हाच दिलाय. दोघंही वाट पाहतात. स्क्रीनवर बाण मेलेला दिसतो, आणि माउसच्या पोटातला लाल दिवा मात्र छान पेटलेला असतो. ‘दिवा लागतोय म्हणजे माउस चांगला आहे, कॉम्प्युटरच खराब’ असं दुरुस्तीवाले म्हणतात ते यावरूनच. दिवा लागणं म्हणजे वीज आहे, एवढंच.

उड्या मारण्याचं कारण वेगळं आहे, आणि जास्त गमतीचं. १९८७ साली माउसला चाक नव्हतं. दोन-तीन बटणं आणि हालचाल, एवढं कळवायला माउस तीन-तीन अंकांचे गठ्ठे पाठवायचा: पहिला बटणांचा, दुसरा आडव्या हालचालीचा, तिसरा उभ्या. पुढे १९९६ साली मायक्रोसॉफ्टने चाकाचा माउस बाजारात आणला, आणि चाकासाठी गठ्ठ्यात चौथा अंक लागला. पण जुने कॉम्प्युटर तीनच अंक समजणारे. म्हणून एक खुणेची भाषा ठरली. कॉम्प्युटर माउसला त्याच्या बोलण्याचा वेग लागोपाठ तीनदा बदलायला सांगतो: २००, मग १००, मग ८०. साध्या माउसला यात काही विशेष वाटत नाही. चाकवाला माउस मात्र ओळखतो की समोरच्याला चाक समजतं, आणि तिथून पुढे चार-चार अंकांचे गठ्ठे पाठवतो. दारावर तीन वेळा ठरावीक टकटक केल्यासारखंच हे.

भगिनींच्या घरी जुन्या कॉम्प्युटरने सुरू होताना ही टकटक केली आणि माउसने ती ऐकली. चार अंकांचा करार झाला. मग रात्री स्विच कंपनीच्या कॉम्प्युटरकडे फिरला. त्या नव्या कॉम्प्युटरला गोल भोकच नाही, म्हणून पत्रात लिहिल्याप्रमाणे मधे गोल पिनेची यूएसबी करणारा एक छोटा डबा लावला आहे. त्या डब्याला टकटक ठाऊक नसावी. त्याने माउसला पहिल्यापासून सुरू केलं आणि साध्या तीन अंकांवर आणून ठेवलं. म्हणून त्या बाजूला चाक चालत नाही. पहाटे स्विच पुन्हा जुन्या कॉम्प्युटरकडे आला, तेव्हा माउस तीन-तीन अंक पाठवतोय आणि कॉम्प्युटर चार-चार मोजतोय. पहिल्या गठ्ठ्याचे तीन आणि दुसऱ्याचा एक मिळून त्याने एक गठ्ठा धरला की पुढचं सगळं सरकलं. हालचालीचा अंक बटणाच्या जागी, बटणाचा अंक हालचालीच्या जागी. हात जरा उजवीकडे सरकवला तर कॉम्प्युटरला वाटतं, डावं बटण दाबून बाण वर फेकलाय. खिडक्या उघडतात त्या अशा. हिशेबाच्या दोन ओळीही अशाच गेल्या असणार. त्या कोणी पुसल्या नाहीत, भगिनींनी नाही आणि शौहरांनीही नाही.

आमच्या वाचकांत पॉलिटेक्निकची मुलं पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी एक जाता जाता सांगतो. लिनक्सवर हाच प्रकार झाला तर कॉम्प्युटर स्वतःच आपल्या नोंदवहीत लिहून ठेवतो की माउसशी ताळमेळ सुटला, अमुक अंक फेकून दिले. तिथे पीएसमाउस नावाचा भाग काढून परत घातला की टकटक नव्याने होते आणि कॉम्प्युटर बंद करावा लागत नाही.

आता काय करायचं ते. आधी तातडीचं, म्हणजे भूत अंगात आलेलं असताना. माउसवरचा हात उचला. तो हलवून ‘बघू चालतोय का’ असं करू नका, कारण प्रत्येक हालचाल एक खोटं बटण दाबू शकते. कीबोर्ड बहुतेक वेळा शाबूत असतो. कंट्रोल आणि एस दाबून काम साठवा, किंवा तुमच्या हिशेबाच्या प्रोग्रामला साठवण्याचं जे बटण असेल ते. मात्र त्याआधी समोरच्या ओळी एकदा डोळ्यांनी तपासा. काही पुसलं गेलेलं दिसलं तर साठवू नका, कंट्रोल आणि झेड दाबून परत येतं का पाहा. ऑल्ट धरून टॅब दाबलं की एका खिडकीतून दुसरीत जाता येतं, ऑल्ट आणि एफ-फोर दाबलं की खिडकी बंद होते.

माउस नुसता मेला असेल तर विंडोजमध्ये कीबोर्डचाच माउस करता येतो, हे फार थोड्यांना माहीत आहे. डावीकडचं ऑल्ट, डावीकडचं शिफ्ट आणि नम लॉक ही तीन बटणं एकदम दाबा. एक खिडकी विचारेल, तिला एंटर दाबून होकार द्या. आता उजवीकडच्या आकड्यांच्या पट्टीवर ८ ने बाण वर जातो, २ ने खाली, ४ ने डावीकडे, ६ ने उजवीकडे, आणि ५ म्हणजे क्लिक. हळू चालतं, पण बिल अर्धं राहत नाही. नोकरी करणाऱ्या भगिनींनी हे एकदा निवांत वेळी करून पाहावं, म्हणजे रात्री एक वाजता घाबरायला होत नाही.

आता मुळावरचा इलाज. शौहरांच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये कंट्रोल पॅनल उघडा, त्यात माउस, मग हार्डवेअर, मग प्रॉपर्टीज, आणि तिथे ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज. ‘व्हील डिटेक्शन’ नावाची एक ओळ दिसेल. तिथे तीन पर्याय असतात: चाक शोधू नको, चाक शोध, चाक आहेच असं धर. भगिनींनी पहिला पर्याय निवडून, म्हणजे ‘डिटेक्शन डिसेबल्ड’, कॉम्प्युटर बंद करून चालू करावा. मग जुना कॉम्प्युटर टकटकच करणार नाही. दोन्हीकडे तीन अंकांचाच करार राहील आणि उड्या थांबायला हव्यात. चाक जाईल. हिशेबात पान खाली नेण्यासाठी कीबोर्डवर पेज डाउन आहे. दोन ओळी पुसल्या जाण्यापेक्षा ते परवडलं.

ज्यांच्या घरी दोन्ही कॉम्प्युटरना गोल भोकं आहेत, उड्या नाहीत, पण स्विच फिरवल्यावर चाकच तेवढं रुसतं, त्यांनी उलट करावं. ‘चाक आहेच असं धर’ हा तिसरा पर्याय दोन्हीकडे ठेवावा. त्याने उड्या सुरू झाल्या तर मात्र परत फिरावं.

गोल पिनेच्या बाबतीत एक ताकीद, आणि ही मोठ्या अक्षरांत वाचा. कॉम्प्युटर चालू असताना ती काढू-घालू नये. यूएसबी चालू कॉम्प्युटरमधून काढायच्या हिशेबानेच बनली आहे, पीएस-टू तशी नाही. तिच्यात भोकाचं नुकसान होऊ शकतं, आणि मग मदरबोर्डचं निदान खरंच खरं ठरायचं. शिवाय गोल पिनेचा माउस कॉम्प्युटर सुरू होताना दिसला नाही तर जुनं विंडोज तो नाहीच असं धरून चालतं. म्हणून जो कॉम्प्युटर चालू करायचा त्याच्याकडे स्विच आधी फिरवा, तो पूर्ण सुरू होऊ द्या, मग दुसऱ्याकडे जा.

स्विच स्वतःच अडकला असेल तर लोक त्याचा अडॅप्टर काढून लावतात आणि ‘रिसेट केला, तरी तसंच’ म्हणतात. रिसेट झालेलाच नसतो. हे स्विच कॉम्प्युटरकडून येणाऱ्या वायरींतूनही वीज पितात, आणि कित्येक कॉम्प्युटर बंद असतानाही, भिंतीवरचं बटण चालू असेल तर, थोडी वीज देत राहतात. दोन्ही कॉम्प्युटर बंद करा, भिंतीवरची बटणं बंद करा, स्विचच्या सगळ्या वायरी काढा, दोन मिनिटं थांबा, मग एकेक लावा. काढण्याआधी प्रत्येक वायरीला कागदी पट्टी चिकटवून नाव लिहा. पडद्यामागे हात घालून अंदाजाने वायरी लावण्यात अर्धी रात्र जाते.

दोष माउसचा, वायरीचा की स्विचचा, हे शोधायची पद्धत साधी आहे आणि तिला दुरुस्तीवाला लागत नाही. माउस आधी थेट एका कॉम्प्युटरला लावा, मग थेट दुसऱ्याला. दोन्हीकडे चालला तर माउस आणि कॉम्प्युटर दोघंही निर्दोष. मग स्विचच्या दोन वायरींची अदलाबदल करा. दुखणं वायरीबरोबर दुसऱ्या कॉम्प्युटरकडे गेलं तर वायर किंवा स्विचची ती बाजू. आहे त्याच कॉम्प्युटरकडे राहिलं तर त्याची सेटिंग. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एवढी शिस्त पाळली की झालं. घरात सगळे मिळून सूचना करायला लागले की ही शिस्त मोडते, हेही खरं.

यूएसबी स्विचवाल्यांच्या पत्रांबद्दल थोडक्यात. तिथे उड्यांचा प्रकार नसतो. साधा यूएसबी स्विच फिरवणं म्हणजे माउस एका कॉम्प्युटरमधून उपटून दुसऱ्यात खोचण्यासारखं आहे. विंडोज ‘टिंग’ करून त्याला नव्याने ओळखतं आणि त्याला एक-दोन सेकंद लागतात. तेवढं थांबावं. काही स्विच माउसचं सोंग स्वतः घेतात, म्हणजे दोन्ही कॉम्प्युटरना सतत वाटत राहतं की माउस आपल्यापाशीच आहे. यात फिरवाफिरवी झटपट होते, पण सोंग साध्या माउसचं असतं. त्यामुळे जास्तीची बटणं असलेला माउस, किंवा कीबोर्ड आणि माउस दोघांचं एकच बिनतारी नखाएवढं रिसीव्हर अशा भोकात नीट चालत नाही. माउसचं चित्र असलेल्या भोकातून ते काढून स्विचच्या दुसऱ्या साध्या यूएसबी भोकात लावा, पुष्कळदा तेवढ्यावर भागतं.

बिनतारी माउस अडखळत चालत असेल तर आजूबाजूला निळ्या भोकाची यूएसबी ३ हार्ड डिस्क लावलेली आहे का पाहा. या वेगवान यूएसबीचा गोंगाट बिनतारी माउसच्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो. इंटेलने २०१२ साली यावर सविस्तर लिहिलेलं आहे. रिसीव्हर एका छोट्या एक्स्टेन्शन वायरीने हातभर दूर, माउसजवळ आणा. आणि स्विचवरच पेन ड्राइव्ह, कॅमेरा, पंखा असा सगळा संसार मांडू नका. यूएसबी २ चं एक भोक ५०० मिलीअँपिअरच देतं, त्यात सगळ्यांनी वाटून घ्यायचं. माउस थोडा वेळ न हलवल्यावर झोपत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची परवानगी देणारी खूण काढा.

आता भगिनींच्या पत्राकडे परत. एका वाचकाने मागे सुचवलं होतं की स्विचच नको, दोन्ही कॉम्प्युटरवर असा प्रोग्राम टाका की एकच माउस वायफायवरून दोघांवर फिरतो. असे प्रोग्राम आहेत आणि ते चांगले चालतात. पण कंपनीच्या कॉम्प्युटरवर परवानगीशिवाय ते टाकू नये असं आम्ही ठामपणे सांगू. त्यात रुग्णांची बिलं आहेत, तो कॉम्प्युटर घरात असला तरी अमानत आहे. कीबोर्डवर उमटणारं अक्षर न् अक्षर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून जाणं कंपनीला चालणार नाही, आणि नोकरीवर गदा येईल. स्विच लावल्याचंही कंपनीच्या तंत्रज्ञाला एकदा कळवून ठेवा. मधेच माउस जातो-येतो याचं कारण त्यांच्याकडे लिहिलेलं असलं तर गैरहजेरीच्या नोंदीबद्दल बोलायला तुमच्याकडे काहीतरी राहतं.

आणि आमचं खरं मत विचाराल तर सगळ्यात स्वस्त इलाज वेगळाच आहे. कंपनीच्या कॉम्प्युटरला थेट एक वेगळा साधा यूएसबी माउस लावा. स्क्रीन आणि कीबोर्ड स्विचवर राहू द्या. टेबलावर दुसऱ्या माउसला वीतभर जागा लागते, ती निघेल. मग स्विचच्या माउसला कंपनीचा कॉम्प्युटर कधी भेटणारच नाही, करार मोडणार नाही, आणि चाकही दोन्हीकडे परत येईल. हे केलंत तर वर सांगितलेली व्हील डिटेक्शनची सेटिंग बदलायची गरज नाही, बदलली असेल तर पूर्ववत करा. मात्र माउस स्विचवरून काढल्यावरही कंपनीच्या बाजूचा तो छोटा डबा स्विचमधून माउसला हात लावू शकतो. त्याला बहुधा दोन शेपट्या असतील, हिरवी आणि जांभळी. हिरवी काढून ठेवा, जांभळी राहू द्या. काढताना दोन्ही कॉम्प्युटर बंद.

पुसलेल्या दोन ओळींसाठी: सूत घेतल्याच्या पावत्या असतीलच. शौहरांनी आणि तुम्ही एकदा बसून त्या महिन्याची बेरीज पावत्यांशी लावा. आणि जुना कॉम्प्युटर तसाच चालवायचा असेल तर हिशेबाची नक्कल दर आठवड्याला पेन ड्राइव्हवर घ्या, आणि इंटरनेट त्याला लावू नका. त्याच्यावर विंडोज एक्सपी असेल तर मायक्रोसॉफ्टने त्याची देखभाल ८ एप्रिल २०१४ लाच थांबवली आहे.

ज्यांना आम्हाला अशा तक्रारी लिहायच्या आहेत त्यांनी पत्रात एवढं जरूर कळवावं: माउसची शेपटी गोल की चपटी, स्विचला स्वतःचा अडॅप्टर आहे की नाही, दोन्ही कॉम्प्युटरवर कोणतं विंडोज आहे, आणि माउस थेट लावल्यावर काय होतं. भिवंडीच्या भगिनींनी हे सगळं न विचारता लिहिलं होतं, वर टेबलाचं एक चित्रही पेन्सिलीने काढून पाठवलं होतं.